दुसरी मूठ

जोगणीपुरा, महाल, नागपूर
१४ जानेवारी १९८०

चि. देवराव,

आशीर्वाद. हा सवयीने लिहिला गेला. आता लिहिला तो लिहिला, परत घेत नाही.

आज संक्रांत, पण तिळगूळ पाठवलेला नाही. घरातला गूळ सगळा बावडीच्या चुन्यात मिसळायला बांधून ठेवला आहे आणि गोड बोलायचा माझा मुळीच विचार नाही. सहा वर्षं झाली तुला खापरखेड्याला जाऊन. बर्डीवरून बसने तास-सव्वा तासाचा रस्ता. लोक काशीला जाऊन परत येतात, तुला वीजघरातून बहिणीच्या घरी येता आलं नाही. असो. तुझी चौकशी करायला हे पत्र नाही. काम आहे म्हणून लिहिते.

आपल्या बावडीवर नोटीस लागली आहे. ‘कोरडी व धोकादायक.’ एकतीस मेपर्यंत रहिवाशांनी आपल्या खर्चाने दुरुस्त करावी, नाहीतर महापालिकेची कचेरी मुरूम टाकून बुजवणार. भोसल्यांच्या वेळची बावडी! बहात्तरच्या दुष्काळात तीन मोहल्ल्यांनी तिचं पाणी भरलं, तेव्हा कुणाला ती धोकादायक वाटली नाही. मी कचेरीत गेले. तिथला बाबू म्हणाला, “मास्तरीणबाई, सूखा कुआं है, रखके क्या करोगे?” मी म्हटलं, तुमच्या टेबलावरची दौतही कोरडी आहे, ती काहून ठेवली? तो हसला, पण नोटीस काही त्याने काढली नाही. आपला ताराचंद कापडवाला तर मोकळ्या होणाऱ्या जागेवर पाच दुकानांचा नकाशाही काढून बसला आहे.

मी रुपराव गवंड्याला बावडीत उतरवलं. म्हातारा झाला आहे, पण हात अजून भिंतीवर ठेवला की भिंत त्याच्याशी बोलते. पूर्वेच्या भिंतीला पोट आलं आहे, सिमेंटसकट. कचेरीवाले त्यालाच धोका म्हणतात. रुपरावने त्या पोटावर थाप मारली, कान लावला आणि मला म्हणाला, “बाई, बावडी मेली नाही. पानी मांगं अडून बसलं हाये. थेच भिंतीले ढकलून राह्यलं. तोंड दाबलं आपण तिचं.”

तेव्हा सिमेंट काढायचं आणि पूर्वीच्या माणसांनी केलं तसं चुन्यानं सांधायचं, असं ठरवलं आहे. रुपराव काम करतो म्हणतो. पण भिंत अंगावर येणार नाही असा इंजिनिअरचा दाखला लागतो. सहा वर्षांपूर्वी ते सिमेंट तूच लावलंस. तेव्हा दाखला द्यायला तूच ये.

गोपिकेला आशीर्वाद. तुझी बायको झाली यात तिचा काही दोष नाही.

तुझी
यमुताई


३ फेब्रुवारी १९८०

चि. देवराव,

उत्तर नाही. ठीक आहे. मी पोरांना पस्तीस वर्षं शिकवलं आहे. उत्तर न देणारी पोरं माझ्या परिचयाची आहेत. त्यांना प्रश्न कळलेला असतो.

मूठ मागायला निघाले होते. आठवते ना मूठ? रोज स्वयंपाकाला बसण्याआधी घरच्या बाईनं एक मूठ दाणे वेगळ्या मडक्यात टाकायचे, एकादशीला मडकं बावडीवर आणून एकाच कोठीत ओतायचं. ज्वारी कुणाची, तांदूळ कुणाचे, कुणाची मूठ मोठी, कुणाची लहान, कोठीत गेलं की विचारायचं नाही. ज्या घरात कमावता माणूस नाही ते घरही देऊ शकतं. त्र्याहत्तरमध्ये जोगणीपुऱ्यातल्या एकशे चार घरांनी ती दिली. वर्षभर दिली, ते दाणे विकून सिमेंट आणलं. आणि चौऱ्याहत्तरच्या मेमध्ये बावडी आटली.

या वेळी पहिल्या आठवड्यात सात मडकी आली. त्यातलं एक माझं.

पंचफुला भाजीवाली माझ्या ओसरीवर संध्याकाळच्या प्रौढवर्गाला येते. आता अडखळत का होईना, वाचते. वाटलं, ही तरी देईल. ती पाटीवरचं पुसत म्हणाली, “एकडाव मूठ देल्ली ना वं बाई, तं बावडीच आटली. माह्या लेकराईच्या ताटातली मूठ होती थे. आता दुसरी काहून देऊ?” मी म्हटलं, या वेळी चुन्याने करणार आहोत. तर म्हणाली, “चुन्यानं कर नाही तं सोन्यानं कर. पह्यले त्या इंजिनेराले आण, अन् त्याच्या तोंडानं सांगाले लाव का चूक काय झाली.”

सगळ्या पुऱ्याचं हेच म्हणणं आहे. कोणी म्हणतं देवरावने सिमेंट विकून खाल्लं. मी त्यांना सुनावलं, खाल्लं असतं तर भिंतीवर कमी लागलं असतं आणि बावडी जगली असती! त्यावर हसले सगळे, पण मडकं कुणी उचललं नाही.

म्हणून सांगते. चोवीस तारखेला रविवारी बावडीच्या पायऱ्यांवर सभा ठेवली आहे. तू ये. दोन शब्द बोल. ‘चुकलो’ म्हण, बस. चौऱ्याहत्तरच्या सभेत तू एकदा म्हणालाच होतास, ‘चूक माझी आहे’, आणि चपला घालून निघून गेलास. आता जरा थांबून म्हण. तुझं काय जातं त्यात? लोकांना माणूस समोर लागतो. मी पुऱ्याला सांगून टाकलं आहे की तू येशील.

दाखला आणायला विसरू नकोस.

यमुताई


१९ फेब्रुवारी १९८०

देवराव,

तुझा दाखला मिळाला. सोबतचं कार्डही मिळालं. सरकारी अहवालात याहून जास्त माया असते. ‘भिंतीला आधी बल्ल्यांचा टेकू द्यावा. प्लास्टर वरून खाली काढत यावं, एका वेळी एकच डोळा मोकळा करावा. मी येणार नाही. माफी माझ्या नावाने तूच माग, माझी हरकत नाही.’

रुपरावला वाचता येत नाही, म्हणून काल मी त्याला कार्ड वाचून दाखवलं. डोळ्यांचं आलं तसा तो मान हलवून हसला. तुला सांगायला नको, पण पत्र कुणाच्या हाती पडलं तर त्याला कळावं म्हणून लिहिते. जुन्या गवंड्यांनी बावडीच्या दगडी भिंतीत हाताएवढी बारा भोकं सोडली होती, मागच्या झऱ्यांचं पाणी आत यावं म्हणून. त्यांना गवंडी डोळे म्हणतात. आणि तेच आपल्या सिमेंटखाली गेले.

रुपराव म्हणाला, “मी देवराव सायबावर राग नाही धरला, बाई. थे मोठ्या मनाचे. उद्घाटनाच्या दिवशी ड्युटीवरून आले, डोळे बुजलेले पाह्यले. मले बाजूले घेऊन इचारलं, ‘चिठ्ठीत होतं ना गा?’ मी म्हनलं, बाईनं वाचून दाखवली, त्यात तं काही नव्हतं. मंग म्हने, ‘हो गा रुपराव. मीच लिवाचं इसरलो.’ इसरते मानूस.”

मी त्याला चहा दिला. तो गेला. दार लावून घेतलं आणि ट्रंक उघडली.

तुझी चिठ्ठी माझ्याकडेच आहे. चार ओळी. १७ जानेवारी १९७४. दोन दिवसांच्या ड्युटीवर जाताना रुपरावसाठी माझ्या हातात दिली होतीस. तिसरी ओळ अशी: ‘डोळे एकही बुजवू नये, त्यावर बावडीचा जीव आहे.’ तू विसरला नव्हतास. ती ओळ मी वाचली नाही.

लिहिलं एकदाचं.

का वाचली नाही तेही ऐक. एकोणीसला उद्घाटनाला पाहुणे येणार होते. संगमरवरी पाटी भिंतीत बसली होती, तिच्यावर खाली माझं नाव, ‘चिटणीस’. पस्तीस वर्षं हजेरीपटावर दुसऱ्यांची नावं लिहिली. माझं नाव दगडावर पहिल्यांदाच आलं होतं. आणि नव्या कोऱ्या प्लास्टरवरून त्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, काळे ओघळ पार पाटीपर्यंत. रुपरावने विचारलं, “डोळ्याईचं काही लिवलं हाये का?” मी म्हणाले, नाही. बुजवून टाक.

मूठ देणाऱ्या एकाही बाईचं नाव त्या पाटीवर नव्हतं. माझं होतं.

तू उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी म्हणालास, “ताई, डोळे उघडून घेऊ.” मी म्हणाले, रंग खराब होईल, उन्हाळ्यानंतर पाहू. तू माझ्याकडे पाहिलंस आणि काही बोलला नाहीस. मला वाटलं, तुला पटलं. मे महिन्यात सभेत तू ‘चूक माझी’ म्हणालास तेव्हाही मला वाटलं की तुला खरंच तसं वाटतं, सिमेंट जास्त झालं असेल. मी मुकाट बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू गेल्यावर मी उलट तुझ्यावरच चिडले, की पळून गेला!

आणि आता कळतं की तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मग आता माझा राग ऐक. कोण रे तू मला वाचवणारा? मी मागितलं होतं? आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. तुझं नाक पुसलं, तुला उजळणी पाठ करवली, खोटं बोललास तेव्हा छडीही मारली. त्या छडीचा एवढाच उपयोग झाला का, की माझं खोटं तू सहा वर्षं डोक्यावर घेऊन वीजघरात बसावंस? एकदा तोंडावर बोलला असतास तर मी आरडाओरडा केला असता, चार दिवस जेवले नसते, पण डोळे उघडले असते. तुझ्या मोठेपणाने बावडी मेली. निम्मी माझ्या खोटेपणाने आणि निम्मी तुझ्या मोठेपणाने.

आणि मी तुलाच माफी मागायला बोलावत होते. ‘तुझं काय जातं’ म्हणत होते. ते पत्र ठेवलं असशील तर जाळू नकोस. असू दे तुझ्याजवळ.

सभेला येऊ नकोस. आलास तर मध्ये तोंड घालशील. तुझ्या नावाने मी काहीही मागणार नाही.

यमुना


२५ फेब्रुवारी १९८०

चि. देवराव,

सभा झाली. लोकांना वाटत होतं तू येणार, म्हणून सगळा पुरा जमला. तुला पाहायला एवढी गर्दी झाली, तुझ्या लग्नातही नव्हती.

मी उभी राहिले. म्हटलं, इंजिनिअर आलेला नाही, त्याची गरज नाही. चिठ्ठी काढली आणि पंचफुलाच्या हातात दिली. मीच वाचली असती तर पुन्हा तेच झालं असतं. माझ्या वाचण्यावर कुणी काय म्हणून विश्वास ठेवावा? ती बिचकली. “मले जोडाक्षरं येत नाही सारी.” मी म्हटलं, जोडाक्षरं दोनच आहेत, वाच.

ती एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत गेली. तिसऱ्या ओळीला आली. “डो-ळे ए-क-ही बु-ज-वू न-ये.” वाचून झालं तरी तिचं बोट तिथेच होतं. रुपराव सगळ्यात खालच्या पायरीवर बसला होता. तो उठला आणि म्हणाला, “पुन्हा वाच वं.” तिने पुन्हा वाचलं. तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, “बाई, मी तुमच्या भरवशावर होतो ना.”

मला जे कुणी काही बोललं असेल त्या सगळ्यात हे मोठं. उभ्याने सगळं सांगितलं, पाटी, ओघळ, पाहुणे, सगळं. म्हटलं, देवरावने काही खाल्लं नाही. तुमची मूठ मी वाया घालवली. मला काय बोलायचं ते बोला, पण बावडीवर राग काढू नका. तिच्यावर राग काढायला एकतीस मेला कचेरीवाले येतच आहेत.

ताराचंद पुढून म्हणाला, “अब तो साफ है, बाई. जब मास्टरनी ही झूठी निकली, तो फंड किस पर भरोसा करके दें?” मी म्हटलं, माझ्यावर देऊच नका. कोठीची किल्ली पंचफुलाकडे राहील. चिठ्ठ्या तिने वाचायच्या, मोठ्याने, सगळ्यांसमोर. मी कमिटीत नाही. मी घमेलं धरणार, टोपलं धरणार, सांगाल ते.

सभा उठली. माझ्याशी कुणी बोललं नाही. घरी येऊन खिचडी टाकली. टाकण्याआधी एक मूठ मडक्यात घातली. कुणी देवो न देवो.

यमुताई


१७ मार्च १९८०

चि. देवराव,

तीन आठवडे मला या पुऱ्यात कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, नळावर बायका गप्प व्हायच्या. होऊ देत. माझी बादली भरेपर्यंत मी तिथेच उभी राहायचे, आणि मुद्दाम सावकाश भरायचे.

पंचफुलाने किल्ली घेतली, पण मडकं आणलं नाही. आणि एकादशीला मी बावडीवर गेले तर कोठीपाशी ती उभी. समोर तिचं मडकं. म्हणाली, “तुह्यासाठी नाही देऊन राह्यली वं. कान उघडा ठेवून आयक. पह्यली मूठ म्या बावडीले देल्ली होती, अन् थे तुह्या पाटीले गेली. आता दुसरी देतो, थे बावडीलेच जाते का नाही, हे पाहाले मी इथंच बसतो.” आणि खरोखर बसली, भाजीची टोपली घेऊन, बावडीच्या तोंडाशी. तेव्हापासून तिचं दुकान तिथेच आहे. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते, “मडकं आणलं?” न आणणाऱ्याला वांगी किडकी देते असं म्हणतात. मी पाहिलं नाही.

आज एकोणनव्वद मडकी आहेत. ज्यांच्याकडे दाणे नाहीत ते बेलफळं आणतात, चुन्यात गर लागतो. कुणी उडीद आणले, कुणी चार भेल्या गूळ. बैलजोडीवाल्याने चुन्याची घाणी फिरवायला बैल दिले. ताराचंदनेही संध्याकाळी गुपचूप पाच भेल्या पाठवल्या, नाव सांगू नका म्हणून. सगळ्या पुऱ्याला माहीत आहे.

तुझ्या दाखल्याप्रमाणे बल्ल्या लागल्या आहेत. रुपराव माझ्याशी कामापुरतं बोलतो. तेवढं पुरे.

यमुताई


१८ मे १९८०

चि. देवराव,

आज मला टोमणे सुचत नाहीत, तेव्हा भराभर लिहून घेते.

महिनाभर वरून खाली सिमेंट काढत आलो. मी टोपली वाहते. साठीला आलेली मास्तरीण चुन्याने पांढरी झालेली पाहून माझेच जुने विद्यार्थी हसतात. एकाला तिथल्या तिथे दुसरी टोपली दिली. वरचे पाच डोळे उघडले, पाचही कोरडे. मुंग्या निघाल्या, पाणी नाही. लोकांची तोंडं पडली. ताराचंद पुन्हा दुकानांचं बोलू लागला. पंचफुला त्याला म्हणाली, “वरून काय पाहून राह्यले शेटजी, पानी खालून येते.”

परवा सकाळी नऊच्या सुमारास रुपराव सहाव्या डोळ्यावर होता. छन्नी आत गेली, त्याने ती उपसली, आणि तिच्यामागून काळा गाळ आला. मग काहीच नाही. मग बोटाएवढी धार. रुपराव परांचीवरच बसून राहिला, हात धारेखाली धरून. मोठ्याने म्हणाला, “बाई! पाहून घ्या!” तीन महिन्यांनी त्याने मला हाक मारली. मी पाहिलं. त्या गाळातच बसले आणि रडले. सगळ्यांसमोर रडले, लिहायला लाजत नाही.

काल संध्याकाळपर्यंत अकरा झाले. भिंतीचं पोट उतरू लागलं आहे. कचेरीचा माणूस येऊन पाहून गेला. त्याने शिंतोडे अंगावर घेतले आणि ‘बुजवणे रद्द’ असं लिहून दिलं. कागद पंचफुलाने वाचला, मोठ्याने, दोनदा. जोडाक्षरासकट.

ती संगमरवरी पाटी मी स्वतः काढली. फोडणार होते, पण पंचफुला म्हणाली दगड चांगला आहे. पालथी घालून वरच्या पायरीपाशी बसवली आहे. तिच्यावर बायका घागरी टेकवतात.

लहानपणी तू रोज शाळेतून आल्यावर पळत जाऊन पाण्याखाली किती पायऱ्या गेल्या ते मोजून मला सांगायचास. आज सकाळी मी मोजल्या. तीन.

आता माफीचं. ती मी पत्रात मागणार नाही. पत्रातलं वाचणारा वाटेल ती ओळ गाळू शकतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे! माफी तोंडानं मागते, आणि त्याला समोर तुझं तोंड लागतं. तुलाही माझी मागायची आहे, सहा वर्षं गप्प राहिल्याबद्दल. तीही समोरच माग.

बारा डोळ्यांपैकी अकराच उघडले आहेत. बारावा, तू बसायचास त्या पायरीशेजारचा, मी कुणाला हात लावू दिलेला नाही. रुपराव कालपासून विचारतो, “बाई, हा कवा?” मी सांगते, सायेब येऊन उघडतील. पाणी वाढून राहिलं आहे, चार दिवसांत ती पायरी बुडेल.

छन्नी रुपरावकडे आहे. बर्डीवर उतरलास की सरळ बावडीवर ये, घरी मी नसणार.

ताई